उरणपासून दुबई तीन तासांवर नाही

उलव्याच्या विमानतळावर २५ डिसेंबर २०२५ च्या सकाळी पहिलं प्रवासी विमान उतरलं. ते बंगळुरूहून आलं होतं. त्याच्या कितीतरी आधीपासून, आणि त्यानंतर तर रोजच, उरण तालुक्यात एक हिशेब कानावर पडतो : दिल्ली आता दोन तासांवर, दुबई तीन तासांवर, लंडन नऊ तासांवर. द्रोणागिरीत फ्लॅट विकणारा हाच हिशेब सांगतो, लग्नाच्या मांडवात बोलायला उभा राहिलेला पुढारीही हाच सांगतो. मला जास्त लागतं ते हे, की आपली शिकलेली पोरंसुद्धा मोबाइलवर दोन विमानतळांची नावं टाकतात, समोर आलेला किलोमीटरचा आणि तासांचा आकडा वाचून दाखवतात, आणि आता यावर बोलण्यासारखं काही उरलं नाही अशा चेहऱ्याने आपल्याकडे बघतात.

उरलं आहे, आणि पुष्कळ उरलं आहे.

या हिशेबामागे एक पुरता विचार आहे. तो असा : उरण आजवर कोपऱ्यात पडलेलं होतं. मुंबई समोर दिसायची, पण गाठायला अर्धा दिवस जायचा. अटल सेतूने मुंबई वीस मिनिटांवर आणली आणि विमानतळाने दुबई तीन तासांवर. अंतर संपलं. तेव्हा उरणकरांनी जुनी गाऱ्हाणी थांबवावीत, गेलेल्या जमिनींचं दुःख किती दिवस करणार, दारात आलेल्या संधीचं सोनं करावं. रस्ता, लोकल, लाँच यांच्याबद्दल जो अजूनही कुरकुरतो त्याला विकास नको आहे. हे मत मी सौम्य केलेलं नाही आणि भडकही केलेलं नाही. चहाच्या टपरीवर ऐकू येतं तसंच ठेवलं आहे. ते चुकीचं आहे, आणि त्याची चूक त्या आकड्यातच सुरू होते.

आधी किलोमीटर घ्या. मुंबई ते लंडन सुमारे ७,२०० किलोमीटर, मुंबई ते न्यूयॉर्क सुमारे साडेबारा हजार, मुंबई ते दुबई १,९०० च्या थोडं वर. हे आकडे खरे आहेत, पण ते कशाचे आहेत? पृथ्वीच्या गोलावर दोन ठिकाणांमध्ये काढता येणाऱ्या सगळ्यात आखूड रेघेचे. ती रेघ सपाट नकाशावर वाकडी दिसते. मुंबईहून न्यूयॉर्कला जाणारी अशी रेघ अटलांटिककडे सरळ पश्चिमेला न जाता वायव्येला चढते, पाकिस्तान, मध्य आशिया, रशिया ओलांडून जवळपास ६५ अक्षांशापर्यंत वर जाते आणि मग अमेरिकेकडे उतरते. भूगोलाच्या वर्गात ती शिकवायलाच हवी. मात्र त्या रेघेवरून विमान नेणं हे भूमितीच्या हातात नसतं. एप्रिल २०२५ च्या अखेरीस पाकिस्तानने आपलं आकाश भारतीय विमानांना बंद केलं, आणि मुंबईहून लंडनला जाणारी आखूड रेघ नेमकी त्याच आकाशातून जाते. २०१९ साली बालाकोटनंतरही फेब्रुवारीच्या शेवटापासून जुलैच्या मध्यापर्यंत हेच झालं होतं. २०२२ पासून युरोपातल्या आणि अमेरिकेतल्या कंपन्यांना रशियाचं आकाश बंद आहे. विमानं वळसा घेतात, जास्त इंधन जाळतात, जास्त वेळ हवेत राहतात. मोबाइलवरची रेघ मात्र जिथल्या तिथे असते. दोन देशांच्या सरकारांचं बिनसलं की तासभर वाढतो, हे ज्या आकड्याला कळत नाही त्या आकड्यावर माणसाने आपला प्रवास का टांगावा?

तासांचा आकडाही त्याच रेघेतून निघतो. रेघेच्या लांबीला ताशी आठशे-नऊशे किलोमीटरने भागायचं, वर चढण्या-उतरण्याचा अर्धा तास मिळवायचा, की लंडन नऊ तास. पण विमानं उडतात त्या उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहणारा वेगवान वारा असतो. थंडीच्या दिवसांत तो कधी कधी ताशी दोनशे किलोमीटरच्याही पुढे जातो. पश्चिमेला जाणारं विमान त्याच्या तोंडावर उडतं, परतणारं त्याच्या पाठीवरून. म्हणून लंडनला जाताना येण्यापेक्षा तासभर जास्त लागतो, न्यूयॉर्कला त्याहून अधिक. अंतर तेवढंच, वेळ वेगळा. तिकिटावर छापलेला वेळही निव्वळ उडण्याचा नसतो. विमान जागेवरून हललं तिथपासून दुसऱ्या टोकाला जागेवर थांबलं तिथपर्यंतचा तो असतो. धावपट्टीकडे सरकत जाणं, रांगेत थांबणं, उतरायची परवानगी मिळेपर्यंत घिरट्या घालणं, सगळं त्यात धरलेलं असतं. विमान कंपनी स्वतःच्या विमानाचा वेळ मोजताना जमिनीवरचं मिनिट न् मिनिट धरते, कारण ते धरलं नाही तर तिचं वेळापत्रक कोसळतं. उरणच्या प्रवाशाचा वेळ मोजताना मात्र जमीन अजिबात धरायची नाही, हा कुठला न्याय?

आता मुख्य गोष्टीकडे येतो. विमानाने अंतर संपवलं, असं जे म्हणतात त्यांनी एकदा विमानाचा इतिहास बघावा. ८ जून १९४८ ला एअर इंडिया इंटरनॅशनलचं ‘मलबार प्रिन्सेस’ हे विमान मुंबईहून निघालं आणि कैरो, जिनिव्हा असे थांबे घेत लंडनला पोहोचलं. त्या विमानाला पंखे होते आणि प्रवासाला जवळपास एक दिवस लागत असे. १९६० साली एअर इंडियाकडे बोइंग ७०७ ही जेट विमानं आली आणि तो प्रवास एकदम आखूड झाला. ती झेप खरी होती. पण ७०७ ताशी नऊशे किलोमीटरच्या आसपास उडायचं, आणि आज उडणारं ७८७ सुद्धा त्याच वेगाच्या आसपास उडतं. मधल्या पासष्ट वर्षांत विमानं मोठी झाली, कमी इंधनात लांब जाऊ लागली, न थांबता जाऊ लागली, सुरक्षित झाली, तिकीट कितीतरी लोकांच्या आवाक्यात आलं. वेग मात्र जिथे होता तिथेच आहे. आवाजापेक्षा वेगाने प्रवासी नेणारं कॉन्कॉर्ड २००३ साली बंद झालं आणि त्याच्या जागी तसं दुसरं विमान अजून सेवेत आलेलं नाही.

याचा अर्थ नीट लक्षात घ्या. साठ-पासष्ट वर्षांत मुंबई आणि दुबई यांच्यामधलं आकाश आखूड झालेलं नाही. मुंबईच्या माणसाचा, पुण्याच्या माणसाचा, उरणच्या माणसाचा परदेशप्रवास कमी किंवा जास्त वेळाचा झाला असेल तर तो जमिनीवर झाला आहे. घरापासून विमानतळापर्यंत, विमानतळाच्या दारापासून विमानाच्या दारापर्यंत, आणि तिकडे विमानाच्या दारापासून खोलीच्या दारापर्यंत. बदल सगळा इथेच होतो, आणि दोन विमानतळांमधल्या तासांचा आकडा नेमका हाच भाग वगळून टाकतो. ज्या तुकड्यात पासष्ट वर्षांत काही हललं नाही, तोच तुकडा दाखवून आम्हाला क्रांती झाली असं सांगितलं जातं.

करंजा गावातला एखादा पोरगा आखातात कामाला जातो, किंवा जहाजावर रुजू व्हायला दुबईला जातो, त्याचा प्रवास मोजून बघू. उरण तालुक्यात अशी घरं कमी नाहीत. समजा त्याचं विमान पहाटे चारला मुंबईच्या जुन्या, सहारच्या विमानतळावरून आहे. आखातातली बरीच विमानं रात्री आणि पहाटेच सुटतात, कारण तिकडच्या पुढच्या विमानांशी त्यांची वेळ जुळवलेली असते. त्याला एकला विमानतळावर हजर व्हायचं आहे. उरणहून सहार पन्नास-साठ किलोमीटर. रस्ता मोकळा असेल तर दीड तास. पण मोकळा असेल या भरवशावर परदेशी नोकरी पणाला कोण लावील? तो रात्री दहाला घर सोडतो. चारला विमान उडतं, सव्वासातला उतरतं. तिकडची तपासणी, सामान, बाहेर पडून कंपनीची गाडी, आणि कामगारांच्या खोलीपर्यंतचा रस्ता. तिथे पोहोचेपर्यंत आपल्या घड्याळात सकाळचे नऊ वाजून गेलेले असतात. म्हणजे अकरा तास, आणि त्यात हवेतले तीन. या पोराच्या आईला दुबई तीन तासांवर आहे असं सांगण्याची हिंमत कुणी करावी? ती रात्रभर जागी असते, आणि तिला किती तास ते कुठल्याही मोबाइलपेक्षा जास्त ठाऊक असतं.

यावर उत्तर तयार असतं : म्हणून तर उलव्याचं विमानतळ आलं, आता सहारला जायचं कशाला? या उत्तरात एक गोष्ट खरी आहे आणि ती मी मान्य करतो. नवं विमानतळ उरण शहरापासून वीसेक किलोमीटरवर आहे, सहारच्या निम्म्यापेक्षाही कमी. पण ही जी काही बचत आहे ती जमिनीवरची आहे, आकाशातली नाही. ती हातात पडायची असेल तर जमिनीवरचा रस्ता चालला पाहिजे. तो चालतो का?

उरणचा रस्ता कुणाचा आहे ते बघायला करळ फाट्यावर किंवा दास्तान फाट्यावर कुठल्याही संध्याकाळी उभं राहावं. मे १९८९ मध्ये न्हावा-शेव्याचं बंदर सुरू झालं. २०२४-२५ या वर्षात तिथून वीस फुटी मापाने सत्तर लाखांहून जास्त कंटेनर हलले. देशातल्या सगळ्यात मोठ्या कंटेनर बंदरांपैकी हे एक आहे, आणि त्याचे ट्रेलर आमच्या गावांच्या मधून जातात. गव्हाण फाटा, दिघोडे, चिर्ले, जासई ही नावं मुंबईच्या माणसाला नकाशावर शोधावी लागतील. आम्हाला ती कोंडीची नावं म्हणून पाठ आहेत. गोदामाबाहेर रस्त्याच्या कडेला उभे केलेले ट्रेलर, अंधारात दिवा न लावता उभे असलेले ट्रेलर, त्यांच्यावर मागून आदळलेले दुचाकीवाले. उरणच्या किती घरांत एक फोटो हार घालून भिंतीवर लावलेला आहे, याचं उत्तर मला कुठल्याही अंतराच्या तक्त्यात सापडलेलं नाही. वीस किलोमीटर म्हणजे अर्धा तास, असं कुणी म्हणालं तर त्याने ते वीस किलोमीटर सायंकाळी सहाला करून दाखवावेत.

आणि सरकारला हे कळत नाही असंही नाही. मार्च २०२५ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने पागोट्यापासून चौकपर्यंत सुमारे २९ किलोमीटरचा नवा सहापदरी रस्ता मंजूर केला, बंदराचा माल पुण्या-मुंबईच्या महामार्गाला लवकर लागावा म्हणून. मी त्याचं स्वागत करतो, कारण ट्रेलर आमच्या वाटेतून निघाला तर माणसं वाचतील. पण मग विचारावं लागतं : कंटेनर उरणहून चौकला किती वेळात पोहोचतो हे कुणीतरी मोजलं, तो वेळ नुकसानीचा आहे हे कुणीतरी मांडलं, आणि त्यासाठी हजारो कोटी निघाले. उरणच्या माणसाला घरातून विमानाच्या दारापर्यंत, किंवा घरातून हॉस्पिटलच्या दारापर्यंत किती वेळ लागतो, हे कुणी कधी मोजलं आहे का? मोजलं असेल तर तो आकडा जाहीर का होत नाही?

अटल सेतूच्या वीस मिनिटांचंही असंच आहे. १२ जानेवारी २०२४ ला हा पूल सुरू झाला. लांबी जवळपास २२ किलोमीटर, त्यातले साडेसोळा समुद्रावर. इंजिनिअरिंगचं मोठं काम आहे आणि ते ज्यांनी बांधलं त्यांचा मला अभिमान आहे. पण वीस मिनिटं ही शिवडीपासून चिर्ल्यापर्यंतची, म्हणजे पुलाच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंतची. चिर्ल्यापासून उरण शहर, मोरा, करंजा, नागाव यांपर्यंतचा रस्ता त्यात नाही. शिवडीपासून पुढे परळची, लालबागची, दादरची गर्दी त्यात नाही. दोन विमानतळांमधल्या तासांचीच ही चूक इथे दोन नाक्यांमध्ये झाली आहे : बांधलेल्या वस्तूची लांबी मोजायची आणि तिला माणसाचा प्रवास म्हणायचं.

त्यातही हा पूल कुणासाठी? या पुलावर दुचाकीला मनाई आहे. रिक्षालाही मनाई आहे. मोटारीला एका वेळचे अडीचशे रुपये टोल. उरण तालुक्यात आगरी-कोळी घरांत, कराडी घरांत, ओएनजीसीच्या आणि बंदराच्या कंत्राटी कामगारांच्या घरांत दारापुढे काय उभं असतं? बहुतेक ठिकाणी मोटारसायकल. म्हणजे ज्या गावांच्या खाडीत पुलाचे खांब उतरले, ज्या कोळ्यांच्या मासेमारीच्या जागा त्या कामाने मोडल्या, त्यांच्याच गाड्या पुलावर चालत नाहीत. दुचाकीला समुद्रावरच्या वाऱ्याचा आणि वेगाचा धोका आहे, हे कारण मला समजतं आणि मी ते नाकारत नाही. पण मग त्या माणसापुढे उभं राहून ‘मुंबई तुझ्यापासून वीस मिनिटांवर आली’ असं म्हणू नका. त्याच्यापासून ती तेवढ्यावर आलेली नाही.

पूल सुरू झाला त्याच दिवशी उरणची लोकलही सुरू झाली. या मोटारसायकलवाल्या माणसाची ती खरी गाडी आहे. मंजुरी १९९० च्या दशकातली, खारकोपरपर्यंत गाडी आली २०१८ च्या नोव्हेंबरात, उरणपर्यंत २०२४ ला. एका पिढीने मंजुरीची बातमी वाचली आणि पुढच्या पिढीने तिकीट काढलं. या लोकलबद्दल माझ्या मनात निव्वळ आनंद आहे. उरणहून बेलापूर पाऊण तासात, वीस रुपयांच्या आसपास, ट्रेलरच्या चाकांपासून लांब. विमानतळाला सगळ्यात जवळचं तरघर स्टेशन याच मार्गावर आहे. म्हणजे उरणच्या माणसाला विमानतळ खरोखर जवळ आणण्याचं साधन सरकारच्या हातात तयार आहे, रूळ टाकलेले आहेत. आणि तरी एक गाडी चुकली की पुढचीची वाट बघत फलाटावर किती वेळ काढावा लागतो हे रोज जाणाऱ्याला विचारा. रात्री गाडी नसते. विमानं रात्री असतात. हे दोन्ही माहीत असलेली माणसं एकाच शहरात, एकाच सरकारात बसतात. दोन विमानतळांमधलं अंतर अभिमानाने सांगणाऱ्यांपैकी एकानेही मी हा प्रश्न विचारताना ऐकलेला नाही.

सरळ रेघेने फसवलं जाण्याचा अनुभव आम्हाला नवा नाही. करंजापासून रेवस समोर दिसतं. मधे धरमतरची खाडी. तरीतून गेलात तर पाव तास. रस्त्याने जायचं तर खाडीला पुरता वळसा घालून पेणकडून अलिबागच्या बाजूला उतरायचं, आणि अर्धा दिवस गेला म्हणून समजायचं. बॅरिस्टर अंतुले मुख्यमंत्री असताना, १९८० च्या सुमाराला, रेवस ते रेड्डी सागरी महामार्ग आणि त्यातला हा पूल यांचं स्वप्न मांडलं गेलं. त्या स्वप्नाला चार दशकं उलटून गेली. या चार दशकांत करंजा आणि रेवस यांच्यामधलं नकाशावरचं अंतर किलोमीटरने मोजलं तर कायम तेवढंच होतं, हाकेच्या टप्प्यातलं. मग रेवसला दिलेल्या मुली माहेरी यायला तर बंद पडली की का अडायच्या? मोरा बंदराचीही तीच कथा. भाऊच्या धक्क्यावरून मोऱ्याला लाँचने तासाभरात यावं, पण सुकतीला धक्क्यापाशी गाळात पाणी उरत नाही, आणि लाँच थांबते. माझ्या मनात त्या लाँचवाल्यांबद्दल आदर आहे तो एवढ्यासाठी, की ते वेळ विचारल्यावर आधी पाणी बघतात. आज भरती किती वाजता, हे बघून ते सांगतात. त्यांनी कधी कुणाला मुंबई सात-आठ मैल आहे असं सांगून लाँचमध्ये बसवलं नाही.

दोन विमानतळांचा आणखी एक घोळ आहे, आणि तो जगात इतरत्र होऊन गेलेला आहे. उलव्याचं विमानतळ सुरू झालं तेव्हा इथून उडणारी विमानं देशातल्या देशात जाणारी होती. आखातात जाणारा उरणचा माणूस त्या दिवशीही सहारलाच गेला. ज्याला एका विमानातून उतरून दुसरं पकडायचं असेल, आणि एक उलव्याला व दुसरं सहारला असेल, त्याच्यासाठी मधे पस्तीस-चाळीस किलोमीटरची मुंबई आहे. दोन्ही विमानतळांना जोडणारी मेट्रो कागदावर आहे. कॅनडातल्या मॉन्ट्रियल शहराने हे सगळं आधी करून पाहिलं आहे. त्यांनी १९७५ साली शहरापासून पन्नासेक किलोमीटरवर मिराबेल नावाचं प्रचंड विमानतळ उभारलं. त्यासाठी हजारो एकर शेतजमीन घेतली, हजारो कुटुंबं उठवली. आंतरराष्ट्रीय विमानं तिकडे, देशांतर्गत विमानं जुन्या डोरव्हालला. जोडणारा वेगवान रस्ता आणि रेल्वे होणार होती, ती झाली नाही. प्रवाशांनी हळूहळू मिराबेल टाकून दिलं. २००४ मध्ये तिथली शेवटची प्रवासी विमानसेवा थांबली आणि दहा वर्षांनी टर्मिनलची इमारत पाडायला घेतली. मिराबेलहून पॅरिसचं अंतर १९७५ ला होतं तेवढंच २००४ ला होतं. विमानतळ मेलं ते जमिनीवरच्या पन्नास किलोमीटरमुळे.

याच्या उलट हाँगकाँग. त्यांनी जुलै १९९८ मध्ये जुनं कै-ताक बंद करून समुद्रात भराव टाकून केलेलं नवं विमानतळ उघडलं, आणि ज्या दिवशी विमानतळ उघडलं त्याच दिवशी शहराच्या मध्यापर्यंत जाणारी खास रेल्वे सुरू केली. पंचवीस मिनिटांच्या आत माणूस शहरात. तिथे कुणालाही दोन विमानतळांमधल्या तासांची जाहिरात करावी लागली नाही. आपल्याकडे बंगळुरूचं नवं विमानतळ २००८ च्या मे महिन्यात सुरू झालं, आणि २०२५ साल संपलं तरी तिथे मेट्रो पोहोचली नव्हती. आम्ही यातला कुठला रस्ता धरणार आहोत? आमच्यासाठी हा प्रश्न मॉन्ट्रियलपेक्षाही जिव्हाळ्याचा आहे, कारण जमीन आमची आहे.

ही गोष्ट मी शेवटाकडे ठेवली, कारण ती काढली की भावनेचं राजकारण केल्याचा आरोप होतो. होऊ दे. ११६० हेक्टरवर हे विमानतळ उभं आहे. त्यासाठी उलव्याची टेकडी कापली, उलवे नदीचा प्रवाह वळवला, दहा गावं हलवली : चिंचपाडा, कोल्ही, कोपर, तरघर, कोंबडभुजे, गणेशपुरी, वाघिवली वाडा, आणि उरलेली. सुमारे तीन हजार कुटुंबं. जानेवारी १९८४ मध्ये दास्तान फाट्यावर आणि पौंडखारला दि. बा. पाटलांच्या नेतृत्वाखाली शेतकरी जमिनीच्या मोबदल्यासाठी उभे राहिले, गोळ्या चालल्या, पाच जण हुतात्मे झाले. त्या रक्तातून साडेबारा टक्के विकसित भूखंडाचं धोरण आलं, आणि विमानतळाच्या वेळी ते साडेबावीस टक्क्यांपर्यंत गेलं. दिबा जासईचे. त्यांचं नाव विमानतळाला द्यावं म्हणून हजारो माणसं रस्त्यावर उतरली ती उगाच नाही. या माणसांना आता सांगितलं जातं की अंतर संपलं, आनंद माना. त्यांच्यासाठी काय संपलं ते एकदा बघा. दारात खाडी होती, पायी जाऊन जाळं टाकता येत होतं. शेत बांधाला लागून होतं, मिठागरातलं काम चालत जाण्याच्या अंतरावर होतं, बहिणीचं घर पलीकडच्या गावात होतं. आता त्या जागी जवळपास पावणेचार किलोमीटरची धावपट्टी आणि कुंपण आहे. कामाला जायचं तर पनवेल, तळोजा, वाशी. दुबईचं अंतर कमी झालं असेल नसेल, यांच्या रोजच्या कामाचं अंतर वाढलं आहे. एका माणसाचे दोन तास वाचवताना दुसऱ्याचे दोन तास रोज गेले, तर हिशेबाच्या वहीत दोन्ही लिहायला नकोत का?

मला एक उत्तर नेहमी मिळतं. विमानतळ मोठं होतंय, पहिल्या टप्प्यात वर्षाला दोन कोटी प्रवासी, पुढे नऊ कोटी, सगळ्या सोयी येतील, थोडा धीर धरा. धीर या शब्दावर आम्ही बंदराच्या वेळी जगलो. जुनं शेवा कोळीवाडा गाव बंदरासाठी उठलं, त्याचं पुनर्वसन उरणला बोरी-पाखाडीला हनुमान कोळीवाडा म्हणून झालं, आणि तिथल्या घरांना वाळवी लागली. ती माणसं चाळीस वर्षं धीर धरून आहेत. सोयी आपोआप येतात हा अनुभव आमचा नाही. त्या मागाव्या लागतात, मोजून मागाव्या लागतात, आणि मोजणी चुकीच्या टोकापासून सुरू केली की मागणीच करता येत नाही. दुबई तीन तासांवर आहे हे एकदा कबूल केलंत की रस्त्याबद्दल, लोकलबद्दल, गाळाबद्दल बोलण्याचा तुमचा हक्क तुम्ही स्वतःच सोडता. तुमच्याच तोंडून कबुली घेतली जाते की आता काही कमी नाही.

म्हणून हा आकडा मी ऐकून घेणार नाही. सिडको, रेल्वे, बंदर प्राधिकरण आणि विमानतळ चालवणारे यांना उरणच्या प्रवाशाचा वेळ सांगायचाच असेल, तर तो करंजाच्या जेटीपासून सांगावा, चिरनेरच्या आदिवासी वाडीपासून सांगावा, हनुमान कोळीवाड्यापासून सांगावा. सकाळी नऊचा, संध्याकाळी सहाचा आणि रात्री एकचा, तिन्ही सांगावेत, आणि ते आकडे उरण एसटी स्टँडवर, कुणालाही वाचता येतील असे लावावेत. रात्रीच्या विमानांच्या वेळा बघून उरण–तरघर लोकल सोडावी, आणि ती सुरू होईपर्यंत उरणच्या चारफाट्यावरून विमानतळाला रात्रभर बस चालवावी. रस्त्याच्या कडेला उभा राहणारा प्रत्येक ट्रेलर आधी बंदराच्या वाहनतळात जावा. मोऱ्याचा गाळ दरवर्षी वेळेवर काढावा. उद्यापासून ज्या कुणाला उरणमध्ये उभं राहून ‘दुबई तीन तासांवर’ म्हणायचं असेल, त्याने आधी त्या रात्री करंजाच्या त्या घरातून निघावं, पोराची बॅग हातात घेऊन, आणि तासांचा हिशेब तिथून सुरू करावा.